"लै पैसा केलाय गड्यानं"

मंडळी, जरा लांब लिहिलंय. शिव्या घालायच्या असतील तर वाचून घाला.

परवा दसरा चौकातनं येताना एक डिजिटल बोर्ड बघितला. वाढदिवसाचा. गळ्यात दोराएवढी चेन, काळा गॉगल, वर "युवा उद्योजक", आणि खाली पन्नासभर शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. उद्योजकाचा उद्योग काय, हे मात्र अख्ख्या बोर्डावर कुठं लिहिलेलं नव्हतं. बरोबरच्या मित्राला विचारलं, "हा करतो काय रं?" तो म्हणाला, "तुला काय करायचंय? लै पैसा केलाय गड्यानं."

विषय संपला. पूर्वी गावात कुणी अचानक माडी बांधली की पारावरची म्हातारी माणसं विचारायची, एवढं आलं कुठनं? ऊस किती, जनावरं किती, नोकरी कसली, सगळा हिशोब मांडायची. चहाडखोर म्हणा पाहिजे तर. पण त्या चहाडीचा एक धाक होता. आता तसं विचारणारा जळका ठरतो.

हे मला आत्ताच का सुचलं, ते सांगतो. माझ्या थोरल्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, फौंड्रीत मोल्डिंगला होते. बत्तीस वर्षं. शेवटचा पगार अठरा हजार. रिटायर झाले तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून सात लाख हातात आले. भावकीतलाच एक पोरगा एका योजनेचा एजंट होता. महिन्याला आठ टक्के. (योजनेचं नाव लिहीत नाही. पेपरात गाजलेल्यांपैकी ती नव्हेच.) चार महिने दर महिन्याला छप्पन हजार आले. भट्टीसमोर उभं राहून अठरा, आणि घरात खुर्चीवर बसून छप्पन. पाचव्या महिन्यापासून बंद. ऑफिसला कुलूप, फोन स्विच ऑफ.

आता यातला माझा वाटा. पैसे द्यायच्या आधी मामांनी मला फोन केला होता. "तू शहरात असतोस, तुला माणसं कळतात. पोरगा कसा हाय?" मी म्हणालो, "चांगलाय की मामा, मोठा झालाय आता." मला काय माहीत होतं त्याच्याबद्दल? एवढंच, की त्याच्याकडं पांढरी फॉर्च्युनर होती आणि त्या वर्षी आमच्या मंडळाला त्यानं पंचवीस हजार वर्गणी दिली होती. आरतीला त्याला बोलावून, फेटा बांधून, नारळ मीच दिला होता. तो फोटो त्यानं मामांना दाखवला होता, हे मला नंतर कळलं.

म्हणजे योजनेचं माहितीपत्रक मीच होतो.

यात नवीन काय, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पर्ल्सचं बघा. २०१४ मध्ये सेबीनं लोकांचे ४९,१०० कोटी परत करायला सांगितले, तेव्हा गावोगावचे एजंट तोंड लपवत फिरत होते. समृद्ध जीवनचा मालक २०१५ च्या डिसेंबरात आत गेला. २०१९ ला कडकनाथ कोंबड्या आल्या. शेजारच्या इस्लामपुरातनं सुरू झालेलं ते प्रकरण आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनाही घेऊन बुडालं. २०२२ ला खुद्द कोल्हापुरात ए. एस. ट्रेडर्सवर गुन्हा दाखल झाला. २०२५ च्या जानेवारीत मुंबईत टोरेसच्या दारात माणसं रडत उभी होती. दर दोन-चार वर्षांनी बोर्ड बदलतो, हॉटेलातल्या सेमिनारचं जेवण तेच.

गणित सातवीतल्या पोराचं आहे. महिन्याला दहा टक्के, आणि व्याज परत त्यातच टाकलं, तर एका लाखाचे वर्षात ३ लाख १३ हजारांच्या वर होतात. असला कुठला धंदा आहे? लक्ष्मीपुरीतला व्यापारी पोत्यामागं किती सुटतात ते सांगेल, शिरोलीचा कारखानदार जॉबमागं काय उरतं ते सांगेल. वर्षात तिप्पट करणारा धंदा कुणाकडं असेल तर तो तुमच्या मामांच्या सात लाखासाठी दारात कशाला येईल?

तरी आपल्याकडं भिशी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. वीस बायका महिन्याला हजार-हजार काढतात, चिठ्ठी निघते, एकीला वीस हजार मिळतात. त्यात एक रुपया वाढत नाही, पण प्रत्येकीला माहीत असतं की हे पैसे कुणाच्या घरातनं आले. मामांना आले ते चार महिन्यांचे छप्पन हजार कुणाचे होते? त्यांच्या मागनं भरलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फंडाचे. हे मी त्यांना एकदा बोलून गेलो. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"लोकच लोभी, भोगा म्हणावं," अशी कॉमेंट येणार, माहीत आहे. मामा लोभी नव्हते. बत्तीस वर्षं सायकलवरनं कामाला गेलेला माणूस आहे तो. त्यांना नातवाची इंजिनिअरिंगची फी भरायची होती, हे एक. आणि दुसरं, भावकीतल्या लग्नात कायम मागच्या रांगेत बसायचा त्यांना कंटाळा आला होता. कालचं पोरगं गाडीतनं उतरतं, स्टेजवर जातं, माईकवरनं त्याचं नाव पुकारतात; आणि अख्ख्या महाराष्ट्राच्या इंजिनांचे पार्ट ज्यानं हातानं ओतले त्याला "मामा, जरा सरकून बसा." ती मागची रांग मामांनी लावली नव्हती. आपण लावली.

"पैसा म्हणजे सगळं नव्हे" असले सुविचार सकाळी-सकाळी पाठवणाऱ्यांचाही मला राग येतो. सीपीआरच्या ओळीत केसपेपर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला जाऊन सांगा हे. पैसा लागतो. लै लागतो. माझं भांडण पैशाशी नाहीच. तो बघितल्यावर आपली मान आपोआप जी वाकते, तिच्याशी आहे.

आणि हे आपण करावं? या गावात? गंगाराम कांबळेंची गोष्ट आपण दर शाहू जयंतीला सांगतो. पाण्याला शिवला म्हणून या माणसाला मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्याला भांडवल दिलं आणि भाऊसिंगजी रोडवर त्यानं चहाचं हॉटेल काढलं. पण गिऱ्हाईक येईना. पैसे दिले, काम झालं, असं म्हणून महाराज वाड्यावर बसले नाहीत. स्वतः जाऊन त्याच्या हातचा चहा प्यायले, चारचौघांदेखत. भांडवल कुठल्याही सावकारानं दिलं असतं. त्या चहानं गंगारामांना मिळालं ते सावकाराकडं नव्हतं. मान कुणाला द्यायचा हे राजानं ठरवलं, आणि कष्टाच्या माणसाला दिला. आपण त्याच महाराजांच्या पुतळ्यासमोर बोर्ड लावतो, ज्याचा धंदा माहीत नाही त्याचा.

कायदा आहे की नाही, तर आहे. २०१९ च्या केंद्राच्या कायद्यानं असल्या बेकायदा ठेवी घेणारा आणि त्याची जाहिरात करणारा, दोघंही गुन्हेगार ठरतात. राज्याचा ठेवीदारांसाठीचा एमपीआयडी कायदा १९९९ पासून आहे. त्यात मालमत्ता जप्त होते, लिलाव होतो, पण तोवर माणसं म्हातारी होतात. योजनेला ठेवी घ्यायची परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर मोबाईलवरनं बघता येतं. पण पोलीस येतात ते कुलूप लागल्यावर. फेटा त्याच्या आधी बांधलेला असतो, आणि तो कुठल्या कलमात बसत नाही.

आत्या मागच्या आठवड्यात म्हणाली, "मी गेलो होतो रं त्याच्या घरला. आईनं त्याच्या चहा ठेवला. मग काय बोलू?" तो पोरगा जामिनावर सुटलाय. जत्रेच्या जेवणाचं आमंत्रण त्याच्याकडनं आलंय, आणि भावकीतले निम्मे जाणार आहेत.

मी जाणार नाही. ते पंचवीस हजार त्या वर्षी साउंडवाल्याला गेले. मंडळाच्या वहीत नोंद आहे. तेवढी रक्कम मंडळानं मामांना परत करावी, आणि यापुढं पाच हजारांवरच्या वर्गणीदाराचा धंदा काय हे वहीत लिहून मगच पावती फाडावी, असं मी येत्या रविवारी बैठकीत मांडणार आहे. मंडळानं नाही म्हटलं तर माझा हिस्सा मी देणार. संध्याकाळी सातला, तालमीत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तिथं येऊन तोंडावर बोला. इनबॉक्समध्ये नको.