लुकलुकत्या प्रकाशाची आशा आणि पुराव्याची कसोटी

शस्त्रक्रिया नाही, सुई नाही, गोळीही नाही; ठरावीक गतीने लुकलुकणाऱ्या प्रकाशासमोर रोज तासभर बसायचे आणि अल्झायमरला आवर घालायचा, ही कल्पना कोणालाही मोहविणारी आहे. ज्या घरात आई-वडिलांना स्वतःच्या मुलांची नावे आठवेनाशी झाली आहेत, त्या घराला तर ती अधिकच मोहवील. म्हणूनच या उपचारामागे विज्ञान किती आणि आशा किती, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

मेंदूतील चेतापेशींचे समूह एका लयीत विद्युत संदेश देतात. त्यांतील सेकंदाला ३० ते १०० आवर्तनांच्या ‘गॅमा’ लहरींचा संबंध एकाग्रता आणि स्मरणशक्तीशी जोडला जातो. अल्झायमरमध्ये या लहरी क्षीण होतात. बाहेरून प्रकाश दाखवून ही लय पूर्ववत करता येईल काय, हा प्रश्न अमेरिकेतील ‘एमआयटी’च्या ली-ह्यूई त्साई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. डिसेंबर २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जनुकीय बदल केलेल्या उंदरांना सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा प्रकाश तासभर दाखविल्यावर त्यांच्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील अमायलॉइड या घातक प्रथिनाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. मेंदूतील सफाई कामगार म्हणाव्यात अशा मायक्रोग्लिया पेशीही अधिक कार्यक्षम झाल्या. मात्र चोवीस तासांत हे प्रमाण पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेले. २०१९ मध्ये याच गटाने प्रकाशाला त्याच गतीच्या ध्वनीची जोड दिली, तेव्हा परिणाम स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसपर्यंत पोहोचल्याचे आढळले.

विज्ञानात एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीने पडताळावा लागतो. न्यूयॉर्क विद्यापीठातील ग्यॉर्गी बुझाकी यांच्या गटाने २०२३ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये दिलेला कौल प्रतिकूल होता. त्यांच्या उंदरांत अमायलॉइड घटले नाही आणि मेंदूची मूळ गॅमा लय त्या प्रकाशाच्या तालावर आली नाही. उलट, संधी मिळताच उंदीर त्या प्रकाशापासून दूर जात होते. पुढच्याच वर्षी त्साई यांच्या गटाने, या उत्तेजनामुळे मेंदूतील द्रवाचा प्रवाह वाढून अमायलॉइड वाहून जाते, असा खुलासा मांडला. वाद मिटलेला नाही.

माणसांवरील चाचण्यांचे चित्रही संमिश्र आहे. त्साई आणि एड बॉयडन यांनी स्थापनेत भाग घेतलेल्या ‘कॉग्निटो थेरप्युटिक्स’ या कंपनीच्या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे, तर परीक्षणाची गती वाढविण्याची सोय होय. सहा महिन्यांच्या छोट्या चाचणीत दैनंदिन व्यवहारांची क्षमता आणि मेंदूचे आकारमान यांची घसरण मंदावल्याचे दिसले. परंतु अमायलॉइड कमी झाले नाही आणि आजाराची तीव्रता मोजणाऱ्या महत्त्वाच्या निकषांवर ठोस फरक पडला नाही. म्हणूनच कंपनीने पुढे साडेसहाशेहून अधिक रुग्णांवर ‘होप’ ही वर्षभराची चाचणी आखली. नाव आशेचे असले, तरी तिचे काम पुराव्याचे आहे.

अल्झायमरवर २०२३ नंतर अमेरिकेत मान्यता मिळालेली प्रतिपिंड औषधे आजाराची गती थोडीशीच कमी करतात. ती मुख्यतः शिरेतून दिली जातात, महागडी आहेत आणि त्यांच्यामुळे मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या मोठ्या संख्येला घरबसल्या, स्वस्तात उपचार मिळाला, तर त्याचे मोल फार मोठे असेल.

मात्र याच गरजेचा फायदा बाजार उठवितो. ‘४० हर्ट्झ’ असा शिक्का मारलेले दिवे इंटरनेटवर सर्रास विकले जातात. प्रकाश निरुपद्रवी, असे मानणेही धोक्याचे आहे. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेतील वेगाने लुकलुकणाऱ्या दृश्यांमुळे सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. अपस्माराचा इतिहास असलेल्यांना या चाचण्यांतून वगळले जाते, ते याचसाठी.

उंदराच्या मेंदूतून माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर अल्झायमरची अनेक औषधे गळाली आहेत. प्रकाशालाही त्याच वाटेने जावे लागेल. मोठ्या चाचण्यांत आणि स्वतंत्र पडताळणीत तो टिकेपर्यंत रुग्णांच्या कुटुंबीयांनी दिवा विकत घेण्यापेक्षा तज्ज्ञाचा सल्ला घेणेच शहाणपणाचे ठरेल.