गालिचा दुरुस्त करण्यापूर्वी मोजा

मलकापूरच्या विद्यार्थ्याला कापूस म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. बोंडे, सरकी, जिनातले रुईचे ढीग हे सारे त्याच्या रोजच्या पाहण्यातले. पण दूर इराणात विणल्या जाणाऱ्या पुष्कळशा गालिच्यांचा सांगाडा कापसाचाच असतो, हे त्याला सहसा ठाऊक नसते. मागावर सुताचे उभे दोरे ताणतात, तो ताणा. त्याच्या दोन-दोन दोऱ्यांवर रंगीत लोकरीची एकेक गाठ हाताने मारतात. गाठींची ओळ पुरी झाली की आडवा दोरा, म्हणजे बाणा, घालून ती ठोकून बसवतात. गाठींची कापलेली टोके वर राहतात, तीच गालिच्याची मऊ लव.

अशा गालिच्याला कसर लागते तेव्हा एक गंमत दिसते. कसरीच्या अळीला लोकरीतले केरॅटिन हे प्रथिन पचते. कापसातले सेल्युलोज पचत नाही. म्हणून लोकर नाहीशी होते आणि सुताचा सांगाडा तेवढा उघडा पडतो. मग काय करावे? दुरुस्त करून नव्यासारखा करावा, असे कोणीही म्हणेल. माझे मत निराळे आहे.

इराणातील अर्दबील गावाच्या नावाने ओळखले जाणारे दोन जुळे गालिचे पाहा. त्यांवर मक्सूद काशानी हे नाव आणि इ. स. १५३९-४० शी जुळणारे हिजरी साल विणलेले आहे. एकोणिसाव्या शतकात दोन्ही जीर्ण झाले होते. तेव्हा एकाचे भाग कापून दुसरा पुरा करण्यात आला. पुरा केलेला गालिचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १८९३ मध्ये २,००० पौंडांना घेतला. काठ गमावलेला दुसरा आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. फाटका गालिचा कोणी एवढ्या किमतीला घेतला नसता, असे दुरुस्ती करणाऱ्यांच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते खोटे नाही. पण एक देखणा करताना दोन्हींची मूळ अवस्था कायमची गेली.

यात बिघडले काय? बिघडले ते पुराव्याचे. धाग्याचा लहानसा तुकडा घेऊन त्यातले रंग रसायनशास्त्रज्ञ वेगळे करू शकतात. खडूवर शाईचे रंग वेगळे करण्याचा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. त्याचेच हे प्रगत रूप. पूर्वी तांबडा रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून आणि निळा नीळ या वनस्पतीपासून मिळे. मंजिष्ठकुळातील रंगद्रव्य अलिझारिन १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले, आणि त्यानंतर कृत्रिम रंगांचा बाजार वाढला. गालिच्यात असा कृत्रिम रंग आढळला तर तो धागा त्या रंगाच्या शोधापूर्वीचा नाही, हे नक्की. पण तो धागा मूळचा की नंतरच्या डागडुजीचा? नोंद नसेल तर उत्तर मिळत नाही.

मग जतन करावे कसे? एक वाट आपल्याच बाजूला सापडते. विजापूरच्या असार महालात जुने गालिचे होते. ब्रिटिश काळात पुण्याच्या येरवडा तुरुंगात गालिचे विणले जात, आणि तेथे या विजापुरी गालिच्यांच्या नकला तयार झाल्या. जुन्याला हात न लावता नवा विणावा, हा मार्ग मला योग्य वाटतो. त्यात नक्षीही राहते आणि हातांचे कसबही. मात्र एक उणीव विसरू नये: मक्सूदचे नाव गालिच्यावर आहे, येरवड्याच्या कैद्यांची नावे गालिच्यांवर नाहीत. कसब जपायचे तर कारागिराची नोंदही ठेवली पाहिजे. युनेस्कोने २०१० मध्ये फार्स आणि काशान येथील गालिचे विणण्याच्या कौशल्याला मानवी वारशाच्या यादीत घेतले. मान मिळाला तो कौशल्याला, हे लक्षात घ्या.

आणि जुन्या वस्तूला विश्रांती द्यावी. लंडनचा अर्दबील गालिचा २००६ पासून काचेच्या पेटीत आहे. रंग उडू नयेत म्हणून त्यावरचा दिवा दर अर्ध्या तासाला १० मिनिटेच लावतात.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम फक्त लंडनचे नाही. घरात, देवळात, दर्ग्यात जुना गालिचा असेल तर परवानगी घेऊन तो उलटा करा. पाठीवर पट्टी ठेवून ५ सेंटिमीटरमधल्या आडव्या व उभ्या गाठी मोजा. त्यांच्या गुणाकाराला २५ ने भागा, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरच्या गाठी कळतील. अर्दबील गालिच्यात त्या सुमारे ५० आहेत आणि एकूण गाठी अडीच कोटींहून अधिक. रोज ८,००० गाठी मारणाऱ्या एकट्या माणसाला एवढ्या गाठींना आठ वर्षांहून अधिक काळ लागेल! गालिचा नसेल तर शाळेची जुनी सतरंजी घ्या. तिला गाठी नसतात; ताण्याचे आणि बाण्याचे दोरे मोजा. लांबी, रुंदी, रंग, फाटलेल्या जागा आणि माहीत असल्यास विणणाऱ्याचे नाव वहीत लिहा. शिक्षकांनी ही वही शाळेत जपून ठेवावी.

सुई-दोरा त्यानंतर हाती घ्या. आणि ठिगळ कुठे लावले, तेही त्याच वहीत लिहा.