ताळेबंदाची दुसरी बाजू

विवाहाला दोन-तीन वर्षे लोटली आणि पाळणा हलला नाही, की वऱ्हाडातील अनेक घरांत पहिली शंका सुनेवर घेतली जाते. अकोला-अमरावतीच्या दवाखान्यांत तिच्या तपासण्या सुरू होतात. मुलाची साधी वीर्यतपासणी मात्र राहून जाते. जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहिल्याविना ताळेबंद न मानणाऱ्या व्यापारी समाजाला ही रीत शोभत नाही.

पुरुषवंध्यत्वाचे नेहमी आढळणारे आणि उपचारसाध्य कारण म्हणजे व्हेरिकोसील. वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरांच्या झडपा कमकुवत झाल्या की रक्त साचते, शिरा फुगतात आणि तेथील उष्णता वाढून शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते. हा विकार बहुधा डावीकडे होतो. सुमारे 15 टक्के पुरुषांत तो असतो. मूल न होणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण 35 ते 40 टक्क्यांपर्यंत आढळते.

त्याची सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत होते. संकोचामुळे मुलगा बोलत नाही. कित्येकदा सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीतच तो उघड होतो. तथापि प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. किशोरवयात दोन वृषणांच्या आकारातील 20 टक्क्यांहून अधिक फरक टिकून राहिला, वा वेदना थांबत नसल्या, तर ती विचारात घेतात. प्रौढांत फुगलेल्या शिरा हाताला लागत असतील, वीर्यतपासणी सदोष असेल आणि अपत्य होत नसेल, तर ती उपयुक्त ठरते. केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या शिरांसाठी घाई करू नये. विकार एकट्या उजव्या बाजूस असेल, किंवा आडवे झाल्यावरही शिरा ओसरत नसतील, तर पोटाची व मूत्रपिंडाची तपासणी आवश्यक असते.

जांघेजवळ लहान छेद घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली धमनी राखून, फुगलेल्या शिरा बांधल्या जातात. या पद्धतीत विकार उलटण्याचा आणि अंडकोशात पाणी साचण्याचा संभव सर्वांत कमी असतो. त्यानंतर काही आठवडे दुकानातील गाठी-पोती उचलू नयेत. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात; म्हणून परिणाम 3 ते 6 महिन्यांनी पाहावा. अनेकांत सुधारणा होते, परंतु अपत्याची हमी कोणी देऊ शकत नाही. पत्नीचे वय अधिक असेल, तर निर्णय दोघांनी मिळून लवकर घ्यावा.

अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयातील मूत्ररोग विभागात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सा विभागात याविषयी सल्ला घेता येतो. सुनेची पहिली तपासणी ठरेल त्याच दिवशी मुलाचीही ठरवावी. त्यात कोणाची मानहानी नाही. उलट एका निरपराध मुलीवरील वर्षांचा दोषारोप टळतो.