गुंतवणुकीच्या घरात मुलीचे नाव

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांचे प्रश्न बदलले आहेत. पूर्वी तलाक, पोटगी आणि मुलांचा ताबा हेच विषय असत. ते आजही आहेत, पण आता त्यांच्या जोडीला घराचे कागद येतात. आखातातून परतलेला भाऊ गावचे बंद घर दुरुस्त करून पर्यटकांना देऊ म्हणतो आणि बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतो. वडिलांच्या नावावर असलेला सोसायटीतला जुना फ्लॅट पुनर्विकासाला जातो आणि वारस कोण कोण, हा प्रश्न घरात पहिल्यांदाच उच्चारला जातो. कुणी निवृत्तीची रक्कम घालून मुंब्र्यात किंवा कोंढव्यात भाड्यासाठी दुसरा फ्लॅट घेतो आणि तो सरळ थोरल्या मुलाच्या नावावर करतो. घराकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहणे आपल्या समाजात वाढले आहे. म्हणून या वेळी त्याविषयीच लिहितो आहे.

घरावरचा आपला भरवसा समजण्यासारखा आहे. व्याज नको म्हणून अनेक कुटुंबे मुदत ठेवीपासून दूर राहतात. शेअर बाजाराची धास्ती असते. मग उरते सोने आणि घर. शिवाय नाव ऐकून भाड्याचे घर नाकारले गेल्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला स्वतःच्या मालकीच्या चार भिंतींचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पण राहण्यासाठी घर घेणे आणि कमाईसाठी घर घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या घराचा हिशेब भावनेने करून चालत नाही.

साधे उदाहरण घेऊ. 60 लाखांचा फ्लॅट महिना 15 हजारांनी भाड्याने गेला, तर वर्षाला 1 लाख 80 हजार मिळतात. म्हणजे तीन टक्के. सोसायटीचा महिन्याचा देखभाल खर्च तीन हजार धरला तर 36 हजार गेले. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामे राहिले तर 15 हजार गेले. मालमत्ता कर आणि किरकोळ दुरुस्तीला आणखी 15 हजार धरा. हातात उरतात 1 लाख 14 हजार, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. किंमत वाढेल या आशेवरच हा व्यवहार उभा असतो, आणि किंमत वाढण्यासाठी उद्या तो फ्लॅट घेणारा कुणीतरी हवा.

इथे आपली अडचण सुरू होते. शहरात इतरत्र घर मिळत नाही म्हणून आपण ठरावीक वस्त्यांमध्येच घर शोधतो. तिथे मागणी दाटते, भाव चढतात आणि त्या घाईचा फायदा घेऊन परवानगीशिवाय मजले चढवणारे पुढे येतात. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसे गेली. त्यानंतर 2017 मध्ये महारेरा आले. तरीही भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या, केवळ नोटरीच्या कागदावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर फिरणाऱ्या सदनिका आजही विकल्या जातात. त्या स्वस्त असतात, कारण बँक त्यांवर कर्ज देत नाही आणि पुढचा शहाणा ग्राहकही त्यांच्याकडे फिरकत नाही. अशा ठिकाणी पैसा घालणे ही गुंतवणूक नव्हे. महारेरा नोंदणी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीची मालकी या चार गोष्टी वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये.

कोकणातला बदल वेगळा आहे. श्रीवर्धन, मुरुड, दापोली, रत्नागिरी या पट्ट्यात मुस्लिम वस्तीच्या अनेक गावांत आखात, आफ्रिका आणि इंग्लंडच्या पैशावर बांधलेली मोठी घरे वर्षातले दहा-अकरा महिने कुलूपबंद असतात. आता किनाऱ्यावर शनिवार-रविवारची गर्दी होते आणि त्या घरांकडे नव्याने लक्ष जाते आहे. कल्पना चांगली आहे, मात्र ती फुकटची नाही. पावसाळ्यात पाहुणे कमी येतात. खारा वारा लोखंड खातो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि दापोलीच्या किनाऱ्यावरची छपरे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या कशा झोपवल्या, हे तिथल्या लोकांना विचारावे.

दोन खोल्या आहेत, प्रत्येक खोली वर्षात 90 रात्री जाते आणि रात्रीचे दोन हजार मिळतात असे धरू. जमा झाले 3 लाख 60 हजार. राखणदाराला महिना आठ हजार, म्हणजे 96 हजार. बुकिंगचे कमिशन, चादरींची धुलाई, वीज, रंग आणि डागडुजी मिळून 1 लाख 20 हजार. शिल्लक 1 लाख 44 हजार. हा आकडा वाईट नाही. पण यात एक खर्च धरलेलाच नाही. पाहुणा मुंबईहून येतो तो तांदळाची भाकरी, सांदण आणि ताज्या माशाच्या सालनासाठी. ते पहाटे उठून करणारी घरातली आई, भावजय किंवा परत आलेली बहीण असते. तिची मजुरी कुठल्याच वहीत लिहिली जात नाही आणि पैसे मात्र परदेशातल्या भावाच्या खात्यात जमा होतात.

माझा मुद्दा हाच आहे. बाजार बदलला की जुन्या घराला किंमत येते, आणि घराला किंमत आली की बहिणीची सही आठवते. वीस वर्षे पडके घर कुणालाच नको होते, तेव्हा वारसनोंदीत बहिणींची नावे असली तरी कुणाचे बिघडत नव्हते. आता ती खुपू लागतात.

आमची चळवळ स्त्री-पुरुषांना समान वाटा मिळावा अशी मागणी करते आणि करत राहील. पण आज सुरू आहे ते त्याच्याही खाली आहे. सूरह निसाच्या सातव्या आयतीने आईवडिलांच्या मालमत्तेत, ती थोडी असो वा फार, स्त्रीचा वाटा ठरवून दिला. शरियत कायद्याला हात लावू नका म्हणणारे कितीजण त्या कायद्याने दिलेला अर्धा वाटा तरी बहिणीला देतात? वरचेच उदाहरण घ्या. मागे आई, दोन भाऊ आणि दोन बहिणी असतील, तर मालमत्तेचे 48 भाग करावे लागतात. आईला सहा, प्रत्येक भावाला चौदा आणि प्रत्येक बहिणीला सात. त्या 1 लाख 44 हजारांत आईचे 18 हजार, भावाचे 42 हजार आणि बहिणीचे 21 हजार होतात. एकवीस हजार ही मोठी रक्कम नसेल. पण तलाक मिळून किंवा तलाकशिवायच टाकून दिलेली एखादी बहीण परत येते, तेव्हा त्या घरावर आपले नाव आहे या एका गोष्टीने तिची जागा बदलते. ती आश्रित राहत नाही.

यावर नेहमीचे उत्तर येते, ‘तिच्या लग्नात खर्च केला, दुरुस्ती आम्ही केली, अम्मीला आम्ही सांभाळतो.’ लग्नातला खर्च म्हणजे वारसा नव्हे. दुरुस्तीचा खर्च मात्र खरा असतो. त्याची पावत्यांसह नोंद ठेवावी, उत्पन्नातून आधी तो फेडावा, घरात राबणाऱ्या स्त्रीची मजुरी वेगळी काढावी आणि उरलेल्याचे वाटे करावेत. भाऊ-बहिणींनी हे एका करारात लिहून ठेवले तर पुढची कटुता टळते.

भगिनींनीही काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात. मुस्लिम कायद्यात वारसाहक्क मृत्यूनंतर निर्माण होतो. त्यामुळे वडील हयात असताना ‘पुढे काही मागणार नाही’ असे लिहून दिले, तरी त्याला साधारणपणे अर्थ नसतो. मात्र त्याच्या बदल्यात मोबदला घेतला असेल तर न्यायालय दावा नाकारू शकते. मृत्यूनंतर केलेले नोंदणीकृत हक्कसोडपत्र ही गंभीर गोष्ट आहे. वाचल्याशिवाय, स्वतःचा वकील पाहिल्याशिवाय त्यावर सही करू नये. सोसायटीत भावाचे नाव नॉमिनी म्हणून लागले म्हणजे तो एकटा मालक होत नाही. नॉमिनी इतर वारसांच्या वतीने विश्वस्त असतो.

ज्यांना आजच घर घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी वाट आणखी सोपी आहे. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. 60 लाखांच्या घरावर ती 60 हजार रुपये होते. बापाला हयातीत मुलीला घर द्यायचे असेल तर हिबा करता येतो. राहत्या घराच्या नोंदणीकृत बक्षीसपत्रावर मुलीसाठी मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो. फक्त हिब्यात ताबाही खराखुरा द्यावा लागतो. मेहर म्हणून पाच-दहा हजारांचा आकडा लिहिण्याऐवजी घरातला हिस्सा लिहिता येतो. आणि गावात पर्यटकांसाठी घर चालवायचे असेल तर राज्याच्या 2023 च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिला उद्योजकांना 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा आहे. व्यवसाय घरातल्या स्त्रीच्या नावे नोंदवायला आणखी कोणते कारण हवे?

शेवटी भाडेकरूंविषयी. मुसलमान म्हणून घर नाकारले गेले की आपण संतापतो, आणि तो संताप रास्त आहे. पण आपल्याच वस्तीत आपलाच घरमालक तलाक झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला ‘फक्त फॅमिलीला देतो’ म्हणून परत पाठवतो, तेव्हा तो वेगळे काय करत असतो? तिच्याशी रीतसर भाडेकरार करावा, त्याची नोंदणी करावी आणि तिला सुखाने राहू द्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार अशी नोंदणी मालकावर बंधनकारक आहे आणि त्यात दोघांचेही संरक्षण आहे.

या रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना अनेक घरांत मालमत्तेचे कागद बाहेर निघतील. त्याच बैठकीत सातबारा, मिळकत पत्रिका आणि सोसायटीचे भाग प्रमाणपत्र काढून पाहावे. त्यांवर आईचे, बायकोचे आणि मुलीचे नाव आहे का? नसेल तर वारसनोंदीचा अर्ज त्याच आठवड्यात तलाठी कार्यालयात किंवा सोसायटीकडे द्यावा. आणि ज्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले आहे, तिने सहीला थोडा वेळ मागून आधी आमच्याकडे यावे.