दोन खेळ आणि एक शिष्यवृत्ती



दहावीचे निकाल जवळ आले की धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांचे पालक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. मुलगी दोन खेळांत चांगली आहे. कॉलेजची शिष्यवृत्ती मिळायची तर एकाच खेळावर भर द्यावा लागेल. मग कोणता ठेवायचा आणि कोणता सोडायचा?

आपल्या कन्नौदमध्ये हा प्रश्न छोटा नाही. चांगले मैदान आणि चांगला प्रशिक्षक हवा असेल तर इंदूर किंवा भोपाळ गाठावे लागते, लेकराला वसतिगृहात ठेवावे लागते. थोड्या शेतीवर किंवा लहानशा दुकानावर चालणाऱ्या घरात शिष्यवृत्तीवरच पुढचे शिक्षण अवलंबून असते. म्हणून पैशाचा हिशेब करणाऱ्या आईवडिलांना आम्ही लोभी म्हणणार नाही. तरीही आमचे मत स्पष्ट आहे. पहिला प्रश्न शिष्यवृत्तीचा असू नये आणि शेवटचा शब्द मुलीचा असावा.

जेमिमा रॉड्रिग्ज आज आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मुंबईच्या या ख्रिस्ती मुलीपुढे नेमका हाच पेच होता. ती महाराष्ट्राच्या १७ आणि १९ वर्षांखालील हॉकी संघांतून खेळली, आणि त्याच वयात क्रिकेटही खेळत होती. तिने क्रिकेट निवडले, तेव्हा महिला प्रीमियर लीग नव्हतीच. ती सुरू झाली २०२३ साली, आणि त्या वर्षी जेमिमाला दिल्लीच्या संघाने २ कोटी २० लाख रुपयांना घेतले. तिने निर्णय घेतला त्या दिवशी हा आकडा कोणत्याही शहाण्या माणसाच्या वहीत बसला नसता. आजच्या भावाने उद्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आजचा हिशेब मांडला तर तो वेगळेच सांगेल. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूसाठी वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद आहे, त्यात महिना १० हजार रुपये हातखर्च. हॉकी या योजनेत आहे, क्रिकेट नाही. शिवाय आपल्या राज्याने ग्वाल्हेरला २००६ साली मुलींची हॉकी अकादमी उघडली. म्हणजे केवळ शिष्यवृत्ती पाहिली तर हॉकीचे पारडे जड. हॉकीवर जीव असलेल्या मुलीने तिकडे आनंदाने जावे. पण जिचा जीव बॅटमध्ये आहे, तिला पैशासाठी स्टिक हातात द्यावी का?

मत्तयच्या शुभवर्तमानातला रुपयांचा दाखला आपण सगळ्यांनी ऐकला आहे (अध्याय २५). जमिनीत पैसा पुरणारा चाकर आळशी होताच, पण त्याने स्वतः सांगितलेले कारण भीतीचे होते. धनी कडक आहे, काही बुडाले तर काय, असे त्याला वाटले. आम्हाला वाटते, भीतीपोटी केलेली निवडसुद्धा पुरल्यासारखीच असते. पाच मिळालेल्याला आणि दोन मिळालेल्याला धन्याने एकाच शब्दांत शाबासकी दिली. कोणाच्या देणगीला बाजारात जास्त भाव आहे, हे त्याने विचारले नाही.

मग सोडलेला खेळ वाया गेला का? एरिक लिडेलकडे पाहा. एडिंबरा विद्यापीठात शिकणारा हा तरुण स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातून रग्बी खेळत होता. धावण्यासाठी त्याने रग्बी सोडली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली, म्हणून त्याने ती शर्यतही सोडली, आणि ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि १९४५ साली जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत वारला. खेळ ही त्याला मिळालेली देणगी होती, पण त्याचा धनी दुसरा होता. म्हणूनच एकेक गोष्ट सोडताना तो मोडला नाही.

शिष्यवृत्ती ही टेकायला काठी आहे, पाया नव्हे. गुडघा दुखावला, निवड हुकली की ती थांबू शकते. २०२५ च्या विश्वचषकात इथे जवळच, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, १९ ऑक्टोबरला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जेमिमाला संघाबाहेर बसवले होते. त्या दिवसांत आपण जवळजवळ रोज रडत होतो, असे तिने नंतर उघडपणे सांगितले. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद १२७ धावा केल्या, भारताने ३३९ धावांचे लक्ष्य गाठले, आणि तिने सर्वांसमोर प्रभू येशूचे आभार मानले. त्या अकरा दिवसांत तिला हिशेबाने सावरले नाही. प्रार्थनेने, घरच्यांनी आणि खेळावरच्या प्रेमाने सावरले.

कोणी म्हणेल, जेमिमाचे वडील स्वतः प्रशिक्षक, घर मुंबईत. आमचे कसे जमणार? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच ही जबाबदारी एकट्या घराची नाही, मंडळीची आहे. निवड चाचणीसाठी इंदूरला जाणाऱ्या मुलीचे बसभाडे आपण देऊ शकतो. शहरात ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे तिची राहण्याची सोय करू शकतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला कॉलेजात शिकणारा आपला एखादा तरुण मदत करू शकतो.

आणि पालकहो, घाई करू नका. शक्य असेल तोवर दोन्ही खेळ खेळू द्या. मग तिला विचारा: हरल्यावरही दुसऱ्या दिवशी पहाटे तू कोणत्या मैदानावर जाशील? उत्तर ऐका, तिच्यासोबत गुडघे टेका, आणि मग कागदपत्रे काढा. मुलगा असेल तर त्यालाही हेच विचारा.

हे प्रभो, आमच्या लेकरांना तू दिलेली देणगी ओळखण्याची दृष्टी दे. आम्हाला त्यांच्या वाटेत भिंत न होता सोबत होण्याचे बळ दे. आमेन.