‘रोटेशन’ची भोंवळ

नाशिकच्या परिसरांत उन्हाळा लागला कीं धरणांतून कालव्यांत पाणी केव्हां सुटणार याची चर्चा सुरू होते, आणि तींत एक इंग्रजी शब्द हटकून ऐकूं येतो: ‘रोटेशन’. अधिकारी तो बोलतात यांत नवल नाहीं; पण आतां शेतकरीही तोच बोलूं लागला आहे, आणि सुशिक्षित घरांतून तर त्याचा संचार सर्वत्र आहे. पृथ्वीचें रोटेशन, पिकांचें रोटेशन, पाण्याचें रोटेशन, अध्यक्षपदाचें रोटेशन! एकाच बैलाला इतके गाडे जुंपलेले आम्हीं दुसरीकडे पाहिले नाहींत.

या शब्दाचे कैवारी म्हणतात कीं, इंग्रजी शब्द नेमका आणि मराठी शब्द ढिला. हें म्हणणें तपासून पाहूं. स्वतःच्या आंसाभोंवतीं फिरणें तें रोटेशन, दुसऱ्याभोंवतीं फिरणें तें रिव्होल्यूशन, असा भेद शाळेंत शिकवितात. पण यंत्राचें चाक मिनिटांत किती वेळां फिरतें हें मोजतांना तीच इंग्रजी ‘रिव्होल्यूशन’ हा शब्द वापरते. चाक तर जागच्या जागीं आंसाभोंवतींच फिरत असतें! उलट आमच्या भूगोलाच्या पुस्तकांत पहिल्या गतीस परिवलन व दुसरीस परिभ्रमण असे निराळे शब्द आहेत. ते जड वाटत असतील तर त्र्यंबकेश्वरास जावें. श्रावणांतल्या तिसऱ्या सोमवारीं ब्रह्मगिरीस फेरी घालणारी खेड्यांतली म्हातारी प्रदक्षिणेला कधीं गिरकी म्हणणार नाहीं, कीं फुगडींतल्या गिरकीला प्रदक्षिणा म्हणणार नाहीं.

शब्द परका म्हणून आमचा राग नाहीं. लॅटिन ‘रोटा’ म्हणजे चाक. भाषाशास्त्रज्ञ त्याचें व आपल्या ‘रथ’ शब्दाचें मूळ एकच सांगतात. म्हणजे कामदा एकादशीस नाशकांत निघणाऱ्या रामरथाशीं या पाहुण्याचें दूरचें नातेंच आहे. जवळच्या भगूर गांवीं १८८३ सालीं जन्मलेल्या सावरकरांनीं परकीय शब्दांऐवजीं नवे शब्द घडविले. येथें तर तेवढाही खटाटोप नको. पिकांची फेरपालट, पदाची पाळी, पाण्याची पाणीपाळी हे शब्द तयारच आहेत.

आमचा खरा आक्षेप पाण्यापाशीं आहे. बागलाणांत मोसम नदीच्या कांठीं कित्येक पिढ्या चालत आलेली फडपद्धति पाहा. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, पाटाखालचें क्षेत्र फडांत वांटलेलें. एका फडांत त्या वर्षीं एकच पीक, पुढें तें पालटावयाचें. आणि पाटकऱ्यानें ठरल्या क्रमानें पाणी द्यावयाचें. पीकही पाळीनें, पाणीही पाळीनें, आणि ही पाळी शेतकऱ्यांनीं आपसांत बांधलेली. म्हणून ‘पाळी’ या शब्दांत क्रम आहे तसाच हक्कही आहे. ‘माझी पाळी चुकली’ असें म्हणणारा जाब विचारतो. ‘रोटेशन सुटलें नाहीं’ असें म्हणणारा, पाऊस पडला नाहीं म्हणावें तसा, हात बांधून बोलतो. त्या वाक्यांत त्याचा स्वतःचा पत्ताच नसतो. सरकारी कागदांतलें ‘आवर्तन’ संस्कृत खरें, पण तेंही कचेरीचेंच लेंकरूं.

कोणी म्हणेल, शब्द पालटल्यानें पाणी वाढेल काय? मुळींच नाहीं. १९१६ सालीं पुरें झालेलें दारणा धरण पावसानेंच भरतें, शब्दांनीं नव्हे. पण मोजकें पाणी वांटतांना वेळ कोणाची, हाच तर तंटा असतो. ‘पाळी’ म्हटली कीं ‘कोणाची?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ‘रोटेशन’ म्हटलें कीं तो गडप होतो, आणि ज्याला उत्तर द्यावयाचें नाहीं त्याची सोय होते.

म्हणून वाचकांस विनंति एवढीच. मुलाला परिवलन समजावयाचें तर हातीं भोंवरा द्यावा. आणि घरचीं कामें ‘रोटेशन’नें न वांटतां पाळीनें वांटावीं. ‘आज कोणाची पाळी?’ असें विचारलें कीं कोणाला तरी उठावेंच लागतें.