पशुपरिचर्येचे उच्च शिक्षण : डहाणू-तलासरीच्या दृष्टीने एक विचार

गाईचा गाभ अवेळी गेला म्हणजे घरधनी प्रथम दैवाला बोल लावतो, मग कोणाच्या दृष्टीला आणि शेवटी वैरणीला. एखाद्या दूरच्या पाड्यावर असा प्रसंग आला, की घरातील कोणीतरी अडकलेली वार उघड्या हातांनी ओढून काढतो, ती कोठेतरी आडबाजूला टाकतो आणि तेच हात ओंजळभर पाण्याने धुऊन पुन्हा कामास लागतो. काही आठवड्यांनी त्याच घरात कोणास तरी ताप भरू लागतो. तो उतरतो आणि पुन्हा चढतो. सांधे दुखतात, रात्री घाम सुटतो. हिवताप ज्याच्या त्याच्या परिचयाचा असल्यामुळे हाही हिवतापच असावा असे समजले जाते. गोठ्यातील गर्भपात आणि घरातील ताप यांची सांगड कोणी घालीत नाही. ब्रुसेलोसिस अथवा सांसर्गिक गर्भपात या रोगाची माणसापर्यंत येण्याची ही नेहमीची वाट होय. ती केवळ डहाणू-तलासरीतच आहे असे नव्हे. परंतु पाडे जेथे विखुरलेले आणि दवाखाना दूर, तेथे ती अधिक मोकळी राहते.

ही सांगड घालणारा माणूस पाड्याच्या जवळपास कसा निर्माण होईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माझे मत प्रारंभीच स्पष्ट सांगतो. पदवीधर पशुवैद्यांची संख्या वाढविणे आवश्यक आहेच. पण त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांना पशुपरिचर्येचे उच्च शिक्षण देण्याची कायम सोय झाल्याखेरीज या दोन तालुक्यांतील जनावरांचे आरोग्य खऱ्या अर्थाने सुधारणार नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यात आज कोण कोण असते ते पाहू. पशुधन विकास अधिकारी हा पदवीधर असतो. त्याच्या हाताखाली पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक व परिचर असतात. श्रेणी-२ चे दवाखाने तर बहुतांशी पदविकाधारकांनीच सांभाळलेले आहेत. याशिवाय गावपातळीवर पशुसखी आहेत आणि तीन महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन कृत्रिम रेतनाचे काम करणारे ‘मैत्री’ कार्यकर्ते आहेत. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरते पथक येण्याची सोयही झाली आहे. तथापि घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांपासून पूर्वेकडील कासा, सायवन, उधव्याच्या डोंगराळ पाड्यांपर्यंतचा मुलूख ध्यानी घेतला, म्हणजे जनावराच्या अंगाला पहिला हात बहुधा पदवीधराचा लागत नाही, सहायकाचा लागतो, हे कोणीही मान्य करील. पहिला हात जेवढा जाणता, तेवढे जनावर वाचण्याची आशा अधिक.

कायद्याने या सहायकास मर्यादा घातली आहे आणि ती योग्यच आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या कलम ३० अन्वये पदविका अथवा प्रमाणपत्र धारण करणाऱ्यास, राज्य शासनाच्या आदेशाने, नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली व निदेशानुसार किरकोळ पशुवैद्यकीय सेवा करता येतात. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी व तत्सम प्राथमिक उपचार यांचा त्यांत समावेश होतो. ‘किरकोळ’ हा शब्द कायद्याच्या भाषेत ठीक आहे. पण या सेवा हलक्या हाताने उरकण्यासारख्या आहेत असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

उदाहरणार्थ, ब्रुसेलोसिसची लसच घ्या. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना ही लस आयुष्यात एकदा टोचावयाची असते. तिच्यात जिवंत जंतू असतात. सुई चुकून टोचणाऱ्याच्याच बोटात गेली किंवा थेंब डोळ्यात उडाला, तर त्यालाच रोग जडण्याचा संभव असतो. म्हणून हातमोजे व चष्मा यांवाचून हे काम करू नये. गाभण जनावरास ती देऊ नये. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच राहिली पाहिजे. डहाणूहून बर्फपेटीत निघालेली कुपी पाड्यावर पोहोचेपर्यंत वैशाखाच्या उन्हात तापली, तर टोचणे झाले, नोंद झाली, पण संरक्षण मिळाले नाही, असा प्रकार होतो. कृत्रिम रेतनाचेही तसेच. उणे १९६ अंशांच्या द्रवनत्रात ठेवलेली रेतमात्रा सुमारे ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून वितळवावयाची असते. तेथे अंदाजाने काम केले, की गाय उलटते आणि मालक म्हणतो, सरकारी बी वाईट.

यापुढचे ज्ञान अधिकच सूक्ष्म आहे. निरोगी गाईचे तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते हे पुष्कळांना ठाऊक असते. पण श्वासाची गती, कोठीपोटाची हालचाल, डोळ्याच्या आतील त्वचेचा रंग, रवंथ केव्हा थांबले, ही सर्व लक्षणे क्रमाने पाहून ती पशुवैद्यास दूरध्वनीवर नेमक्या शब्दांत सांगणे, ही शिकून येणारी विद्या आहे. प्रतिजैविक कोणाच्या सांगण्यावरून द्यावे, किती दिवस द्यावे आणि त्यानंतर किती दिवस दूध विकू नये, हेही तीतच येते. गाभ गेल्यास रक्ताचा नमुना कसा घ्यावा, वार व मृत गर्भ चुना टाकून खोल कसा पुरावा, आणि घरात तापाचा रोगी असल्यास ‘आमच्या गोठ्यात गर्भपात झाला आहे’ हे डॉक्टरांस आवर्जून सांगावयास घरच्यांना कसे पटवावे, ही पशुपरिचर्येची खरी पराकाष्ठा होय. कानातील बारा आकडी बिल्ल्यावरून प्रत्येक जनावराची नोंद ठेवणारा हातच दोन पाड्यांतील दोन गर्भपात एकमेकांशी जोडून पाहू शकतो.

ब्रिटनमध्ये पशुवैद्यांच्या राजमान्य संस्थेने १९६१ साली प्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या सहायकांसाठी रीतसर प्रशिक्षण व नोंदणी सुरू केली. प्रारंभी त्यांना ‘परिचारिका’ म्हणण्याचीही मुभा नव्हती. आज तेथे पशुपरिचारिकांची स्वतंत्र नोंदणी आहे, पदवी आहे आणि तीवरील उच्च प्रमाणपत्रेही आहेत. इतके शिकूनही ती परिचारिका रोगनिदान करीत नाही, मोठी शस्त्रक्रिया करीत नाही. ती आपल्याच कामात अधिक खोल गेलेली असते. वर चढणे आणि खोल जाणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा आपण घेण्याजोगा आहे.

या विचारावर आक्षेप येतील. पशुवैद्य म्हणतील, की अधिक शिकलेला सहायक उद्या स्वतःस डॉक्टर म्हणवून घेईल. माझ्या मते गोष्ट उलट आहे. अर्धवट शिकलेल्यालाच आपली मर्यादा दिसत नाही. ज्याला चांगले शिकविले, तो कोठे थांबावे आणि कोणास बोलवावे हे जाणतो. दुसरीकडे काही पदविकाधारक बंधू स्वतंत्र व्यवसायाच्या अधिकाराची मागणी करतात. त्यांच्या कष्टांची जाणीव ठेवूनही असे म्हणावेसे वाटते, की अधिकारापूर्वी अभ्यास यावा. तिसरा आक्षेप तरुणांचा आहे व तो सर्वांत रास्त आहे. ‘शिकून पगार वाढणार नसेल, पद बदलणार नसेल, तर शिकावे कशाला?’ या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही. उच्च प्रमाणपत्रास वेतनवाढ, पदोन्नतीत मान आणि कामाचे ठरलेले क्षेत्र मिळाले पाहिजे.

शिक्षणाच्या पायऱ्या एकमेकींस जोडलेल्या असाव्यात. पशुसखीचे शिक्षण ‘मैत्री’च्या प्रशिक्षणात जमेस धरावे, ‘मैत्री’चा अनुभव पदविकेत आणि पदविकेनंतर एक वर्षाचा पशुपरिचर्येचा उच्च अभ्यासक्रम असावा. पशुसखींना पशुसंवर्धनाच्या कामाशी जोडणारी ‘ए-हेल्प’ योजना केंद्र शासनाने २०२२ मध्ये काही राज्यांपासून सुरू केली. त्या दिशेने पुढे जाणे अवघड नाही. यासाठी घर सोडून वर्षानुवर्षे शहरात राहण्याची सक्ती नसावी. कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे पाठ व्हावेत. तालुक्याच्या दवाखान्यात हातांना वळण लागावे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय हे १८८६ सालापासूनचे विद्यापीठ म्हणावे असे स्थान आहे आणि डहाणू रोडहून मुंबईस लोकल गाडी जाते. काही आठवड्यांचे रुग्णालयातील शिक्षण तेथे मिळू शकेल.

दापचरीचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. मुंबईचे तबेले शहराबाहेर हलवावेत या हेतूने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे मोठा दुग्धप्रकल्प उभा राहिला. त्यासाठी कुर्झे येथे धरण झाले, गोठे झाले, कुरणे झाली. आज ते वैभव ओसरलेले आहे. त्याची कारणे अनेक असतील व त्यांची चर्चा येथे करावयाची नाही. मात्र गोठा एका वर्षात बांधता येतो, जाणता माणूस एका वर्षात घडत नाही, एवढा बोध घेण्यास हरकत नसावी. पशुपरिचर्येच्या शाळेला दापचरीइतकी समर्पक जागा या भागात दुसरी क्वचितच असेल.

या शिक्षणात स्थानिक मुलामुलींना, विशेषतः वारली, कोकणा व मल्हार कोळी समाजांतील मुलींना, अग्रक्रम द्यावा. शेळ्या-कोंबड्यांची देखभाल घरोघर बायकाच करतात. ज्या बोलीत त्या आजाराचे वर्णन करतात, ती बोली जाणणारी परिचारिका जे ऐकू शकेल, ते बाहेरून आलेल्यास कळणार नाही. वाघबारशीला वाघदेवाची पूजा करून गुरांचे रक्षण मागणाऱ्या समाजाला जनावराची किंमत कोणी शिकवावयास नको; त्याला हवा आहे तो रक्षणाचा आणखी एक उपाय.

शेतकरी बंधुभगिनींनो, आपल्या गावच्या पशुसखीला, व्रणोपचारकाला अगर पर्यवेक्षकाला, ‘पुढे काय शिकणार?’ असे एकदा आपुलकीने विचारा. गावातील दहावी-बारावी झालेल्या मुलीने जनावरांच्या दवाखान्यात शिकावयास जाण्याची इच्छा दर्शविली, तर तिला हसू नका. आणि तोपर्यंत एक गोष्ट कटाक्षाने पाळा : गाभ गेल्यास वारेला उघडा हात लावू नका, आणि दवाखान्यात वर्दी द्या.